तोफा थंडावण्याआधीचा सिनेमा

युद्धावर चांगला चित्रपट काढायचा तर मध्ये काही वर्षं जावी लागतात, असं समीक्षेत जवळपास गृहीत धरलेलं असतं. धुरळा बसला पाहिजे, कागदपत्रं उघडी झाली पाहिजेत, सैनिक घरी येऊन बोलते झाले पाहिजेत, मगच कलावंताला विषय पेलतो, असा हा युक्तिवाद. दाखलेही तसेच दिले जातात. व्हिएतनाम युद्ध १९७५ मध्ये संपलं. 'अपोकॅलिप्स नाऊ' १९७९ मध्ये आला आणि 'प्लॅटून' १९८६ मध्ये. आपल्याकडे लोंगेवालाची लढाई १९७१ ची, तिच्यावरचा 'बॉर्डर' १९९७ चा. कारगिल १९९९ चं, 'एलओसी कारगिल' २००३ चा.

पण थांबायला तयार नसलेल्या दिग्दर्शकांचीही एक मोठी रांग आहे. त्यांनी लढाई चालू असतानाच कॅमेरा लावला. कोण जिंकणार हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि हातात पैसाही बेताचा होता. हे चित्रपट घाईचे म्हणून कच्चे ठरले का? तुटपुंज्या पैशामुळे त्यांनी काय गमावलं, काय कमावलं? गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांतली उदाहरणं एकापुढे एक ठेवली, तर मला असं दिसतं की काळाचं अंतर हा दुय्यम मुद्दा आहे. रणगाडा कोणी पुरवला, कच्ची फिल्म कोणी दिली आणि परवान्यावर सही कोणाची होती, यावर या चित्रपटांचं खरेपण जास्त अवलंबून राहिलं.

प्लायवूडचा रणगाडा

या प्रकाराचं सर्वांत नमुनेदार उदाहरण म्हणजे सॅम्युअल फुलर यांचा 'द स्टील हेल्मेट'. कोरियात युद्धाला तोंड फुटलं २५ जून १९५० रोजी. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात फुलर यांनी चित्रीकरण उरकलं, तेही दहा दिवसांत. खर्च सुमारे १ लाख ४ हजार डॉलर. कोरिया म्हणून वापरलं ते लॉस एंजेलिसमधलं ग्रिफिथ पार्क, सैनिक म्हणून आले विद्यापीठातले पंचवीसेक विद्यार्थी, रणगाडा प्लायवूडचा. उरलेली जागा स्टुडिओतल्या धुक्यानं झाकली. निर्माते रॉबर्ट लिपर्ट हे झटपट आणि स्वस्त चित्रपट काढण्यासाठीच ओळखले जात. एका मोठ्या स्टुडिओनं हीच पटकथा जॉन वेनला घेऊन करण्याची तयारी दाखवली होती. फुलर यांनी ती नाकारली आणि जीन इव्हान्स या फारशा परिचित नसलेल्या, स्वतः महायुद्धात लढलेल्या नटाला सार्जंट झॅकची भूमिका दिली.

फुलर स्वतः पायदळातले. उत्तर आफ्रिका, सिसिली, नॉर्मंडी असा प्रवास करत ते चेकोस्लोव्हाकियातल्या फाल्केनाऊ छळछावणीपर्यंत पोहोचले होते. त्यामुळे त्यांच्या चित्रपटातली माणसं शौर्याची भाषा करत नाहीत. ती चिडतात, दमतात, टरबूज खातात, एकमेकांचा राग राग करतात. झॅक हा एका हत्याकांडातून वाचलेला युद्धकैदी. एक अनाथ कोरियन मुलगा त्याचे हात सोडवतो आणि त्याच्यामागे चालू लागतो. वाट चुकलेल्या सैनिकांच्या एका तुकडीबरोबर हे दोघं एका बौद्ध मंदिरात येऊन थांबतात. पैसा नसल्यामुळे लढाई मंदिराच्या चार भिंतींत कोंडली गेली आणि त्यामुळे माणसांना बोलावं लागलं.

ती जे बोलली त्यानं खळबळ उडाली. पकडलेला उत्तर कोरियन अधिकारी कृष्णवर्णीय वैद्यकीय सैनिकाला विचारतो, की ज्या देशासाठी तू लढतोस तिथे तुला बसमध्ये मागच्या बाकावर का बसावं लागतं? मग तो जपानी वंशाच्या सार्जंटकडे वळतो आणि महायुद्धातल्या नजरकैदेच्या छावण्यांची आठवण काढतो. जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना अमेरिकेनं त्या छावण्यांत डांबलं होतं आणि हॉलिवूडच्या पडद्यावर तोवर त्याबद्दल प्रश्न क्वचितच विचारला गेला होता. दोघांचीही उत्तरं कैद्याला गप्प करतात, पण प्रश्न पुसले जात नाहीत. पुढे तो पोरगा मारला जातो, कैदी त्याची टिंगल करतो आणि झॅक त्या निःशस्त्र कैद्याला गोळी घालतो.

संरक्षण खात्यानं फुलर यांना जाब विचारला. असं आपण महायुद्धात प्रत्यक्ष पाहिलं आहे, असं त्यांनी सांगितलं आणि आपले जुने वरिष्ठ, ब्रिगेडियर जनरल जॉर्ज टेलर यांच्याकडून दुजोरा मिळवून दिला. उजव्यांनी चित्रपटाला कम्युनिस्टधार्जिणा म्हटलं, कम्युनिस्टांच्या वर्तमानपत्रानं प्रतिगामी म्हटलं, आणि चित्रपटानं वीस लाख डॉलरहून अधिक धंदा केला.

काळाचा योगही लक्षात घेण्यासारखा आहे. ऑक्टोबर १९५० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजा उत्तरेकडे सुसाट निघाल्या होत्या आणि नाताळपर्यंत सगळं आटोपेल अशी हवा होती. जानेवारी १९५१ मध्ये चित्रपट लागला तेव्हा चीन युद्धात उतरलेला होता आणि सोल दुसऱ्यांदा हातचं गेलं होतं. विजयाच्या भरात असलेल्या देशात बनलेला हा चित्रपट पराभवाच्या बातम्या वाचणाऱ्या प्रेक्षकांनी पाहिला आणि तरी तो खोटा पडला नाही. शेवटच्या पाटीवर फुलर यांनी ही गोष्ट संपलेली नाही एवढंच नोंदवलं होतं. १९५३ मध्ये शस्त्रसंधी झाली. शांतता करार आजतागायत झालेला नाही.

दोषही आहेत. कोरियन माणूस इथे एक तर गोड पोरगा आहे नाही तर कपटी शत्रू. ज्यांच्या अंगणात लढाई चालली त्यांचं म्हणणं फुलर यांच्या मंदिरात कुठेच ऐकू येत नाही. घाईत काढलेल्या युद्धपटाची ही सर्वांत मोठी उणीव आहे आणि पुढच्या बऱ्याच उदाहरणांत ती दिसते.

एकच दिग्दर्शक, दोन मालक

रोबेर्तो रोसेलिनी यांचा 'रोम, ओपन सिटी' हा दुसरा मानदंड. जून १९४४ मध्ये रोम जर्मनांच्या ताब्यातून सुटलं. जानेवारी १९४५ मध्ये चित्रीकरण सुरू झालं तेव्हा उत्तर इटलीत लढाई चालूच होती. तिथल्या जर्मन सैन्यानं शरणागती पत्करली ती मे महिन्यात. चिनेचित्ता स्टुडिओत निर्वासितांची छावणी पडलेली, म्हणून आतले सेट एका गल्लीतल्या रिकाम्या जागेत उभे केले. आवाज जागेवर टिपण्याची सोय नव्हती, तो नंतर भरला. फिल्मचे तुकडे रस्त्यावरच्या फोटोग्राफरांकडून गोळा केल्याची दंतकथा पुष्कळ रंगवली गेली. नंतरच्या जतनकार्यात मूळ निगेटिव्ह तपासली तेव्हा साधारण तीनच प्रकारची फिल्म वापरलेली आढळली. गरिबी खरी होती; तिच्यावर दंतकथेचा मुलामा मागाहून चढला.

कथेतली माणसं ताज्या जखमांतून आली होती. नवऱ्याला घेऊन जाणाऱ्या जर्मनांच्या मागे धावताना गोळी लागून पडलेल्या गर्भवती तेरेसा गुलाचेची घटना मार्च १९४४ ची. आन्ना मान्यानी यांनी साकारलेली पीना तिच्यावरून सुचली. आल्दो फाब्रीत्सी यांच्या धर्मगुरूमागे नाझींनी मारलेले दोन खरे पाद्री उभे आहेत. रोममधल्या प्रेक्षकांनी सप्टेंबर १९४५ मध्ये हा चित्रपट पाहिला तेव्हा त्यांच्या दृष्टीनं तो इतिहास नव्हताच. आदल्या वर्षीची त्यांची गल्ली होती.

पण रोसेलिनींचा हा पहिला युद्धकालीन चित्रपट नव्हे, हे सहसा सांगितलं जात नाही. १९४१ ते १९४३ या काळात त्यांनी फॅसिस्ट राजवटीखाली तीन युद्धपट केले होते. त्यांतला 'ला नावे बियांका' नौदलाच्या मदतीनं, खऱ्या जहाजांवर आणि खऱ्या नौसैनिकांना घेऊन काढलेला. त्यातही अव्यावसायिक नट आहेत, खऱ्या जागा आहेत, माहितीपटाची शैली आहे. म्हणजे पुढे नववास्तववाद म्हणून गाजलेल्या शैलीची हत्यारं तिथेही होती. फरक होता तो मालकाचा. १९४५ मध्ये रोसेलिनींपाशी नौदल नव्हतं, स्टुडिओ नव्हता आणि विचारायला कोणी वरिष्ठही नव्हता.

या चित्रपटाचा मुंबईशी थेट संबंध आहे. जानेवारी १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला. तिथे 'बायसिकल थीव्हज'च्या जोडीनं हाही दाखवला गेला आणि सेटच्या बाहेर पडायचं धाडस हिंदी चित्रपटसृष्टीला त्या आठवड्यांत मिळालं. 'दो बिघा जमीन' पुढच्याच वर्षी आला.

सरकारच्या पंखाखाली

दुसऱ्या महायुद्धात बहुतेक सगळीकडे चित्रपट सरकारच्या देखरेखीखाली होता. अमेरिकेत १९४२ पासून युद्धमाहिती कार्यालय पटकथा वाचून शेरे मारत असे. तिथेही स्वस्त चित्रपट निघाले. आरकेओ कंपनीचा 'हिटलर्स चिल्ड्रेन' सुमारे दोन लाख डॉलरमध्ये झाला आणि त्यानं तीस लाखांहून अधिक कमावले. पण तो आज कलाकृती म्हणून कोणी पाहत नाही. कमी पैसा म्हणजे आपोआप जास्त सत्य, असा भाबडा निष्कर्ष काढू नये, म्हणून हे उदाहरण ध्यानात ठेवायचं.

ब्रिटनमध्ये थोडी वेगळी वाट सापडली. सरकारी क्राउन फिल्म युनिटनं 'टार्गेट फॉर टुनाइट' (१९४१) मध्ये खऱ्या वैमानिकांना आणि 'फायर्स वेअर स्टार्टेड' (१९४३) मध्ये लंडनच्या खऱ्या अग्निशामक जवानांना उभं केलं. हम्फ्री जेनिंग्ज यांच्या या दुसऱ्या चित्रपटात शत्रू दिसतच नाही. दिसतात ती पाण्याच्या नळ्या ओढणारी, पियानोभोवती गाणारी, सकाळी चहा पिणारी माणसं. पैसा सरकारचा असूनही चित्रपट घोषणाबाजीपासून दूर राहिला, कारण दिग्दर्शकानं शत्रूचा द्वेष हा विषयच घेतला नाही.

भारतात फिल्मचीच टंचाई होती. १९४३ पासून कच्ची फिल्म परवान्यावर मिळू लागली आणि युद्धप्रयत्नाला पूरक चित्रपट काढा, असा सरकारचा आग्रह निर्मात्यांच्या मागे लागला. सेलमच्या मॉडर्न थिएटर्सनं काढलेला 'बर्मा राणी' (१९४५) हा तमिळ चित्रपट त्यातला. जपानव्याप्त ब्रह्मदेशात उतरावं लागलेल्या भारतीय वैमानिकांची ती गोष्ट. त्याच वर्षाच्या अखेरीस लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले सुरू झाले आणि जनमत अशा वेगानं फिरलं, की ज्या बाजूनं हा चित्रपट बोलत होता ती बाजू प्रेक्षकांच्या मनातून पार उतरली. चालू युद्धात सरकारची बाजू उसनी घेतली की असा धोका असतो.

याच चौकटीतून काही जणांनी शिताफीनं वाट काढली. कवी प्रदीप यांनी 'किस्मत' (१९४३) मधल्या गाण्यात जर्मन-जपान्यांना दटावल्याचा आव आणून इंग्रजांना सुनावलं, हे सर्वश्रुत आहे. व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा त्याहून मोठा डाव. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस काँग्रेसनं १९३८ मध्ये पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानविरुद्ध लढणाऱ्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी युद्ध चालू असतानाच, १९४४ मध्ये, त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. पटकथा अब्बास आणि व्ही. पी. साठे यांची. जपानशी लढणाऱ्या चीनची बाजू घेतल्यामुळे इंग्रज सरकारला हरकत घ्यायला जागा नव्हती आणि नायक काँग्रेसनं पाठवलेला असल्यामुळे देशाभिमानही शाबूत होता. चित्रपट पडद्यावर आला १९४६ मध्ये, तोवर जपान शरण गेला होता. शांताराम यांच्या राजकमल संस्थेचा हा चित्रपट स्वस्त नव्हता आणि काटेकोर अर्थानं या आढाव्यात बसतही नाही. पण युद्धकाळाच्या बंधनांत राहून स्वतःचं म्हणणं मांडायचा मराठी दिग्दर्शकाचा इतका हुशार प्रयत्न दुसरा नाही.

डब्यात बंद

सरकारची बाजू न घेता चालू युद्धावर बोलणाऱ्याचं काय होतं, हे तीन देशांतल्या तीन चित्रपटांवरून कळतं.

जाँ-लुक गोदार यांनी 'ल पती सोल्दा' १९६० मध्ये जिनिव्हात थोडक्या पैशात चित्रित केला. अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात होतं. कॅमेरामन राऊल कुतार यांनी इंडोचायनात युद्धछायाचित्रकार म्हणून काम केलेलं होतं. चित्रपटात दोन्ही बाजूंचे हस्तक आहेत, हॉटेलच्या साध्या न्हाणीघरात चाललेला छळ आहे. छळ ही गोष्ट फ्रान्समध्ये सर्वांना ठाऊक होती आणि कोणी उच्चारत नव्हतं. चित्रपटावर बंदी आली. तो लागला १९६३ मध्ये, अल्जीरिया स्वतंत्र झाल्यानंतर.

इराणमध्ये बहराम बेझाई यांच्या 'बाशू, गरीबे-ये कुचक' या चित्रपटाच्या वाट्याला तेच आलं. इराण-इराक युद्ध १९८० ते १९८८ चाललं. बेझाईंनी १९८५-८६ च्या सुमारास, मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या बेताच्या पैशात, आघाडीपासून शेकडो मैल दूरची गोष्ट निवडली. दक्षिणेत खुजिस्तानात बॉम्बहल्ल्यात घर गमावलेला बाशू एका मालमोटारीत लपतो आणि उतरतो तो उत्तरेतल्या गिलानच्या हिरव्यागार भातशेतीत. तो काळासावळा, बोलतो अरबी. तिथली माणसं गोरी, बोलतात गिलकी. नाई नावाची शेतकरीण, जिचा नवरा कामासाठी परगावी आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांची बोलणी खाऊन त्याला ठेवून घेते. दोघांना जोडणारी फारसी असते ती शाळेच्या पुस्तकातली. विमानाचा आवाज नसतानाही बाशू जमिनीवर झोपून कान झाकतो; युद्ध म्हणून बेझाईंना तेवढंच पुरलं. ज्या काळात सरकारला हुतात्म्यांचे पोवाडे हवे होते त्या काळात हा चित्रपट अडगळीत टाकला गेला आणि १९८९ मध्ये, युद्ध संपल्यावर, बाहेर आला. आज इराणी चित्रपटाच्या सर्वश्रेष्ठ कृतींत तो गणला जातो.

तिसरं उदाहरण आपल्या शेजारचं. प्रसन्न विथानगे यांचा 'पुर हंद कळुवर' हा सिंहली चित्रपट १९९७ चा. श्रीलंकेतलं यादवी युद्ध तेव्हा मध्यावर होतं. संपलं २००९ मध्ये. दुष्काळी खेड्यातल्या वन्निहामी या आंधळ्या म्हाताऱ्याच्या घरी मुलाची शवपेटी येते, तीही उघडू नये अशा सूचनेसह. नुकसानभरपाईच्या कागदावर म्हातारा अंगठा देत नाही, कारण मुलगा मेला हेच त्याला मान्य नाही. घर अर्धं बांधून पडलेलं, धाकट्या मुलीचं लग्न अडलेलं, देणेकरी दारात. अखेर तो कुदळ घेऊन थडगं उकरायला लागतो आणि पेटीतून निघतात केळीचे खुंट आणि दगड. ज्येष्ठ नट जो अबेविक्रम यांनी म्हाताऱ्याचं काम इतकं कमी हालचालींत केलं आहे, की गोळीचा एकही आवाज न ऐकवता सगळं युद्ध त्या ओसरीवर येऊन बसतं. २००० मध्ये, एलिफंट पासचा लष्करी तळ तमिळ वाघांच्या हाती पडल्यानंतरच्या तंग दिवसांत, सरकारनं प्रदर्शन रोखलं. दिग्दर्शक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००१ मध्ये जिंकले. युद्ध चालू असलेल्या देशातल्या न्यायालयानं असा निकाल द्यावा, ही त्या देशाच्या खात्यावरची जमेची बाब.

या तिन्ही चित्रपटांत रणांगण जवळजवळ नाही. पैसा नव्हता हे एक कारण. पण रणांगण वगळल्यावर जे उरतं, म्हणजे छळ, विस्थापन, न उघडायची शवपेटी, तेच राज्यकर्त्यांना जास्त झोंबलं.

ढिगाऱ्यात उभं राहून

ज्यांच्यावर बॉम्ब पडत होते त्यांनी काढलेले चित्रपट वेगळ्या निकषानं पाहावे लागतात. हाय निन्ह यांचा 'एम बे हा नोई' (१९७४) हा उत्तर व्हिएतनामचा सरकारी चित्रपट आहे. डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकेच्या बी-५२ विमानांनी हनोई भाजून काढलं, खाम थिएन हा वस्तीचा रस्ता उद्ध्वस्त झाला. त्याच पडझडीत, आईवेगळी झालेली एक लहान मुलगी सैनिक बापाला शोधत फिरते. सेट लावायची गरजच नव्हती. प्रचार त्यात आहे, बाप क्षेपणास्त्राच्या तुकडीत आहे आणि शहर डगमगत नाही. पण हातात व्हायोलिन धरलेल्या त्या पोरीच्या चेहऱ्यावर दिग्दर्शक इतका वेळ थांबतो, की घोषणा मागे पडतात.

त्याच युद्धावर अमेरिकेनं लढाई चालू असताना काढलेला एकमेव मोठा चित्रपट म्हणजे 'द ग्रीन बेरेज' (१९६८). फुलर यांनी टाळलेले जॉन वेन इथे नायक आणि सहदिग्दर्शक. त्यांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना पत्र लिहून मदत मागितली आणि लष्करानं जॉर्जियातला तळ, हेलिकॉप्टर, माणसं सगळं दिलं. शेवटी सूर्य समुद्रात मावळतो, जो व्हिएतनामच्या पूर्व किनाऱ्यावर मावळूच शकत नाही. सगळी सामग्री खरी आणि भूगोल खोटा, अशी ही गत. प्लायवूडच्या रणगाड्याशी याची तुलना वाचकांनी स्वतः करून पाहावी.

१९७१ मध्ये झहीर रायहान यांच्यापाशी तर रणगाड्याची गोष्टच नव्हती. ढाक्यातला हा यशस्वी दिग्दर्शक पाकिस्तानी लष्कराच्या मार्चमधल्या कत्तलीनंतर कोलकात्याला आला आणि त्यानं 'स्टॉप जेनोसाइड' हा वीसेक मिनिटांचा माहितीपट केला. निर्वासितांच्या रांगा, चिखलातल्या छावण्या, वृत्तछायाचित्रं, टेलिप्रिंटरवरच्या बातम्या आणि इंग्रजी निवेदन एवढ्यावर तो उभा आहे. सुरुवात लेनिनच्या अवतरणानं होते आणि व्हिएतनामचा संदर्भ देऊन तो पूर्व बंगालचा प्रश्न जगाच्या प्रश्नाला जोडतो. जवळपास एक कोटी निर्वासित भारतात आले होते, पण रायहान आकड्यांपाशी न रेंगाळता एका म्हातारीच्या चालीवर कॅमेरा ठेवतात. १६ डिसेंबरला बांगलादेश स्वतंत्र झाला. ३० जानेवारी १९७२ रोजी, बेपत्ता भावाच्या शोधात मीरपूरला गेलेले रायहान परत आले नाहीत. १९७१ मध्येच मुंबईत आय. एस. जोहर यांनी 'जय बांगलादेश' काढला. आज त्याची आठवण फारशी कोणाला नाही.

रिकाम्या खुर्च्या

इराक युद्धाच्या वेळी नवाच प्रश्न पुढे आला. बंदी नव्हती, कॅमेरे स्वस्त झाले होते, चित्रपट एकामागून एक आले आणि प्रेक्षक आले नाहीत. ब्रायन डी पाल्मा यांचा 'रिडॅक्टेड' (२००७) पन्नास लाख डॉलरमध्ये, डिजिटल कॅमेऱ्यावर झाला. महमूदियात अमेरिकन सैनिकांनी केलेल्या बलात्कार-हत्येवर बेतलेला हा चित्रपट सैनिकांचे व्हिडिओ, सुरक्षा कॅमेरे, इंटरनेटवरच्या चित्रफिती अशा तुकड्यांतून रचलेला आहे. व्हेनिसमध्ये दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. अमेरिकेतली तिकीटविक्री ७० हजार डॉलरच्याही आत राहिली. निक ब्रूमफील्ड यांनी 'बॅटल फॉर हदिथा' (२००७) जॉर्डनमध्ये काढला. २००५ मध्ये हदिथात मरीन सैनिकांनी २४ नागरिक मारले, त्याची ही गोष्ट. माजी मरीन आणि इराकी निर्वासित, दोन्ही बाजूंची माणसं पडद्यावर आहेत आणि इराकी कुटुंबाला अमेरिकन सैनिकाइतकीच जागा आहे. फुलर यांच्यात जे नव्हतं ते इथे आहे.

कॅथरिन बिगलो यांचा 'द हर्ट लॉकर' हॉलिवूडच्या मानानं स्वस्त, सुमारे दीड कोटी डॉलरचा. जॉर्डनच्या उन्हात सोळा मिलिमीटरच्या अनेक कॅमेऱ्यांनी टिपलेला. २०१० मध्ये त्यानं सहा ऑस्कर घेतले. पण त्यात युद्ध योग्य की अयोग्य हा प्रश्नच नाही. बॉम्ब निकामी करणाऱ्या माणसाची नशा आहे. प्रेक्षकाला चालू युद्धाबद्दल जेवढं सोसवतं तेवढंच त्यानं दिलं, अशी माझी तक्रार आहे. चित्रपट म्हणून तो या तिघांत सर्वांत घट्ट आहे, धाडस मात्र ब्रूमफील्ड यांचं मोठं.

शेवट कुठून आणायचा?

चालू युद्धावरच्या चित्रपटाला शेवट नसतो. काहींनी तो कल्पनेतून आणला. 'वेंट द डे वेल?' हा आल्बेर्तो काव्हालकांती यांचा ब्रिटिश चित्रपट १९४२ चा. त्याच्या सुरुवातीला गावच्या चर्चच्या आवारात एक म्हातारा जर्मनांची थडगी दाखवत, युद्ध संपून गेल्यासारखी गोष्ट सांगतो. खरं युद्ध तेव्हा ऐन भरात होतं. प्रेक्षकाला विजयाचा आगाऊ भरवसा देऊन काव्हालकांतींनी मधल्या भागात गावातल्या साध्यासुध्या बायाबापड्यांच्या हातून जी हिंसा करवली आहे, ती आजही अंगावर येते.

व्हॅलेंटिन वास्यानोविच यांचा 'अटलांटिस' (२०१९) हा युक्रेनचा चित्रपट याच युक्तीचा काळोखा अवतार. २०१४ पासून डोनबासमध्ये चाललेलं युद्ध संपलं आहे आणि साल २०२५ आहे, अशी त्याची कल्पना. पोलाद कारखाना बंद पडतो आणि माजी सैनिक पुरलेली प्रेतं उकरून ओळख पटवणाऱ्या स्वयंसेवकांत सामील होतो. मुख्य भूमिकेत खरा माजी सैनिक आहे आणि चित्रीकरण मारिउपोलमधलं. २०२२ मध्ये रशियानं ते शहर वेढून मोडून टाकलं. ज्या गावात युद्धोत्तर काळ रंगवला होता तिथेच मग म्स्तिस्लाव चेर्नोव्ह यांना '२० डेज इन मारिउपोल' हा माहितीपट टिपावा लागला. २०२४ चा ऑस्कर घेताना, हा चित्रपट मला करावाच लागला नसता तर बरं झालं असतं, अशा आशयाचं ते बोलले.

इथून पुढचं चित्र बदललं आहे. अलेप्पोतल्या वाद अल-कतीब यांनी 'फॉर समा' (२०१९) आपल्या मुलीला उद्देशून, इस्पितळात राहता राहता टिपला. रशीद मशरावी यांनी गाझातल्या २२ लघुपटांचा 'फ्रॉम ग्राउंड झीरो' (२०२४) जुळवला; त्यात कथापट आहेत, बाहुल्यांचे आहेत, रोजनिशीसारखेही आहेत. ज्यांच्या अंगणात लढाई चालली आहे त्यांच्याच हातात कॅमेरा आला, ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी भर आहे.

निवाडा

एवढ्या उदाहरणांवरून तीन गोष्टी ठामपणे म्हणता येतात. पहिली, घाईमुळे युद्धपट बिघडत नाही, आश्रयामुळे बिघडतो. रोसेलिनींचे दोन काळ आणि जॉन वेन यांचा एक चित्रपट याला पुरेसा पुरावा आहे. दुसरी, कमी पैसा ही केवळ संधी आहे. तिचा उपयोग 'हिटलर्स चिल्ड्रेन'सारखाही होतो आणि 'बाशू'सारखाही. तिसरी, जे टिकले ते रणांगण सोडून ओसरी, न्हाणीघर, मंदिर, भातशेती अशा जागी गेले आणि शत्रूला हरवण्यापेक्षा आपल्या बाजूला अवघड प्रश्न विचारण्यात त्यांनी वेळ घालवला.

आपल्याकडे युद्धपटांना तोटा नाही, पण बहुतेक सगळे युद्ध संपल्यावरचे आणि लष्कराच्या सहकार्यानं काढलेले. विजय ठाऊक असताना चित्रपट काढणं सोपं असतं. चालू संघर्षावर, कोणाची सामग्री न मागता, आपल्याच माणसांना प्रश्न विचारणारा चित्रपट मराठीत यायचा आहे. तो येईल तेव्हा येईल. तोवर महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांनी एक काम करावं: 'द स्टील हेल्मेट', 'बाशू' आणि 'पुर हंद कळुवर' हे तीन चित्रपट एकाच आठवड्यात, पाठोपाठ दाखवावेत आणि नंतर तरुण दिग्दर्शकांना बोलतं करावं. यातला एकही चित्रपट पैशावाचून अडला नव्हता.